चूक टाकसाळीतली की बाहेरची?

समजा, तुमच्या हातात एक नाणं आहे. त्याचा उजवा काठ पाहा. चंद्रकोरीएवढा तुकडा गायब आहे. हे टाकसाळीतून असंच आलं, की कुणी कानसेने घासलं? त्यासाठी नजर न्यायची ती बरोबर समोरच्या काठावर.

धातूच्या लांब पट्टीतून पंच, म्हणजे भोक पाडणारं हत्यार, नाण्यांसाठी कोऱ्या चकत्या कापतो. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की पंच आधीच्या भोकावर येतो आणि चकती अपुरी निघते. पुढच्या यंत्रात चकती दोन्हीकडून दाबत फिरवतात, त्यातून तिचा काठ उभा राहतो. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. तिथला काठ बोथट राहतो. हा ब्लेक्सली इफेक्ट. काही अस्सल नाण्यांत तो पुसट असतो. मग तुकडा गेलेल्या जागेजवळची अक्षरं तपासायची. छापताना धातू रिकाम्या जागेकडे सरकतो, त्यामुळे ती ओढल्यासारखी, फिकी होतात. घासलेल्या नाण्यात अक्षर मध्येच कापलेलं दिसतं.

सगळ्यात जास्त फसगत होते दुहेरी अक्षरांत. अमेरिकेच्या 1955च्या प्रसिद्ध लिंकन सेंटमध्ये (एक सेंटचं नाणं) डाय, म्हणजे नाणं छापायचा ठसाच, दुहेरी उमटलेली होती, म्हणून तिच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरं आली. दहापट भिंगाखाली दोन्ही अक्षरं उठावदार, गोलसर दिसतात आणि टोकांशी खाच असते. याउलट, सैल डाय छापताना हलली तर अक्षराची कड चेपते. दुसरी रेघ सपाट पायरीसारखी दिसते, मूळ अक्षर बारीक होतं. अशा नाण्यासाठी जादा पैसे मोजू नका.

1943चा अमेरिकन सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. उरलेल्या ब्राँझच्या चकत्यांवर मोजकीच नाणी छापली गेली. ब्राँझचं वजन सुमारे 3.11 ग्रॅम, पोलादाचं 2.7च्या आसपास. त्यांची नक्कल म्हणून तांब्याचा मुलामा चढवलेलं पोलाद चुंबकाला लगेच चिकटतं. पण 1948च्या ब्राँझच्याच सेंटमधला 8 कोरून 3 केला असेल, तर चुंबक आणि वजनकाटा दोन्ही निरुपयोगी. तिथे शेवटच्या आकड्याची तुलना खात्रीच्या 1943च्या सेंटशीच करावी लागते.

अस्सल नाणं हाती आलं, की त्याला पॉलिश लावू नका, चिंच-लिंबूही नको. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातही ठेवू नका; कालांतराने त्यातून हिरवट, चिकट थर सुटतो आणि धातू खातो. मायलरचं (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मचं) पाकीट घ्या, नाणं फक्त काठाला धरा.