पडावावरची प्रार्थना

[दृश्य: नवापूर स्टेशन, सकाळ]

नवापूर. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दिवाळी उरकली की नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतली आदिवासी कुटुंबं ही सीमा ओलांडून बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. बरोबर सगळा संसार: कोयते, पातेली, कोंबड्या आणि लेकरं.

यांतली काही घरं ख्रिस्ती. नवापूर-चिंचपाडा भागात मिशनचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं, त्यामुळे आजी-पणजीच्या वेळेपासून बायबल असलेली कुटुंबंही इथं भेटतात. गावी चर्च आहे, पाळकसाहेब आहेत, रविवारी संडेस्कूल भरते. पडावावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावर, यातलं काहीच नाही. त्यात नाताळ येतो नेमका तोडीच्या ऐन भरात.

[दृश्य: खोपी, चूल]

मग लेकरांना विश्वास शिकवायचा कुणी? आईबापांनीच. तसं ते काम आधीपासून त्यांचंच होतं, चर्च जवळ असलं की विसरायला होतं एवढंच. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे सांगतो, देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. ऐकणारे तेव्हा तंबूत राहत होते. यरुशलेमातलं मंदिर अजून शतकं दूर होतं.

इथं प्रार्थनेची वेळ ठरवून चालत नाही. ट्रक कधी भरायला येईल, सांगता येत नाही. भाकरी थापताना माय गीत म्हणते आणि पोरं मागून ओढतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या वळणावर रचली. टाळीवर म्हटली की ती पाठ होतात, अंधारात पुस्तक लागत नाही.

गोष्ट मराठी बायबलातली, समजावणं मावची नाहीतर भिली बोलीत. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, हे या मुलांना चित्राशिवाय दिसतं. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं गरिबाला राहू द्या, हा ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातला नियमही त्यांना लगेच पटतो. आणि ख्रिस्तजन्म? नावनोंदणीसाठी लांब गेलेलं जोडपं, उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत. शहरात त्यासाठी थर्माकोल आणि कापूस आणावा लागतो. इथं काहींचे बैल खोपीला लागूनच बांधलेले.

[दृश्य: वाढ्याच्या मोळ्या]

दहा आज्ञा पाठ करून घेता येतात. पण ‘चोरी करू नको’ ही आज्ञा कळते ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकताना. मोळी फुगवायला बाप आत वाळलेलं पाचट कोंबतो का, हे पोरगं बघत असतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन मजूर आणणाऱ्या मुकादमापुढं मान खाली घालून आलेला बाप खोपीत मायवर ओरडतो का, तेही. दारू पिऊन बसलेल्या बापानं म्हणायला लावलेली प्रभूची प्रार्थना मूल म्हणतं खरं, पण शिकतं भलतंच. पक्क्या घरात हे भिंतीआड तरी राहतं. खोपीला भिंत नसते.

[दृश्य: गाव, होळी]

होळीपुरतं गावी आलं की एक अवघड प्रश्न येतो. आजोबा याहा मोगी या आदिवासी देवीला मानतात, चर्चला येत नाहीत. मग आजोबा वाईट का? काही घरांत मुलाला दटावून गप्प बसवतात. ते बरोबर नाही. आईबापांचा मान राखा ही आज्ञा आहे, आणि ते ख्रिस्ती असले तरच राखा असं तिथं म्हटलेलं नाही. सुनेनं आजोबांचं ताट आधी वाढलं, तर नातवाला तेवढं उत्तर बरंच काही सांगून जातं.

[दृश्य: पुन्हा पडाव, हिशेबाचा दिवस]

पोरांचे प्रश्न काही प्रवचनाच्या हिशेबानं येत नाहीत.

“माय, देव मुकादमाचंबी ऐकतो का?”

“ऐकतो.”

“आपलंबी?”

“आपलंबी.”

“मग आपली उचल का फिटत नाही?”

“ती देवानं नाही लिहिलेली, मुकादमानं लिहिलीय. जा, पाणी आण.”