हा चतुर सुरक्षित आहे, पण आपला तलाव?

नमस्कार मंडळी! नागपुरातल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावर गेलात, की पाण्याच्या अगदी लगत नजर टाका. पाण्यावरून जेमतेम वीतभर उंच उडणारे, काठच्या गवतावर पुन्हा पुन्हा येऊन बसणारे छोटे केशरी चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, दिसतील. ज्याच्या पंखांवरही केशरी रंग आहे, तो नर. मादी फिकट, पिवळसर तपकिरी. ती चटकन नजरेत येत नाही. इंग्रजीत याला डिच ज्वेल म्हणतात, शास्त्रीय नाव ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा.

आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत हा 'लीस्ट कन्सर्न' गटात आहे. म्हणजे ही जात नामशेष होईल अशी भीती सध्या नाही. ते बरोबरच आहे. भारतापासून चीन, इंडोनेशियापर्यंत हा सापडतो आणि मुबलक सापडतो.

पण हा शेरा सगळ्या जातीला मिळून दिलेला असतो. तुमच्या घराजवळच्या तलावाची तब्येत त्यावरून कळत नाही, आणि माझा सगळा जीव इथेच अडकतो.

चतुराचं बालपण पाण्याखाली जातं. त्याची अळी पोटाच्या मागच्या टोकातून पाणी आत ओढते आणि आतल्या कल्ल्यांनी श्वास घेते. डासांच्या अळ्या हा तिचा आवडता खाऊ. मोठी झाली की गवताची काडी धरून पाण्याबाहेर चढते, कात टाकते आणि उडते. आता या पाण्यात सांडपाणी सोडा. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि अनेक जातींच्या अळ्या तिथे तगत नाहीत. डिच ज्वेलची तगते. काठाला सिमेंटची भिंत घातली, तर चढायला काडीसुद्धा उरत नाही.

नागपूरची नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते आणि शहरभराचं सांडपाणी घेऊन पुढे कन्हान नदीला मिळते. अशा काठावर डिच ज्वेलचे थवे दिसले म्हणून खूश होऊ नका. तो स्वच्छ तळ्यातही राहतो, त्यामुळे त्याचं नुसतं असणं वाईट नाहीच. त्याच्याशिवाय दुसरं कोणी दिसत नसेल, तर मात्र पाणी बिघडलंय असा संशय घ्यायलाच हवा.

जगातल्या चतुर आणि टाचण्यांचा (चतुरांच्या नाजूक भाऊबंदांचा, इंग्रजीत डॅमसेलफ्लाय) लाल यादीसाठीचा आढावा 2021मध्ये पूर्ण झाला. 6,016 जातींपैकी 16 टक्के धोक्यात निघाल्या. पाणथळ जागा बुजवणं हे त्यामागचं मोठं कारण.

म्हणून पाऊस ओसरला की एखाद्या सकाळी गोरेवाडा तलावावर जा, दुसऱ्या दिवशी घराजवळच्या नाल्यावर. किती चतुर दिसले हे राहू द्या, किती प्रकारचे दिसले ते मोजा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. आणि हो, जागा आणि तारीख नक्की लिहा, त्याशिवाय त्या नोंदीचा अभ्यासकांना उपयोग नाही.