डबा रिकामा परत द्यायचा

नमस्कार मंडळी. आज बोलायच्या आधी हा डबा बघा.

[डबा कॅमेऱ्याजवळ]

स्टीलचा, दोन पुडांचा, झाकणाला एका बाजूने पोचा. तळाशी नाव घातलंय, ते दाखवत नाही, कारण ज्या बाईचा हा डबा आहे तिला व्हिडिओबिडिओ आवडत नाहीत. आमच्या वाड्यावर राहते. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय आजचा विषय मला सांगताच येणार नाही.

विषय तुमच्यापैकीच कितीतरी जणांनी सुचवलेला आहे. कॅथलिक माणसाने रोजच्या जगण्यात नम्रता आणि श्रद्धा कशी पाळायची? मी नवीन मंडळींसाठी सांगते, माहेर वसईचं, सासर गोव्यातल्या बार्देशातलं. म्हणजे प्रार्थना मराठीत शिकले आणि भांडायला कोंकणीत. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. चर्चमधून गरजू घरांना दर महिन्याला तांदूळ-डाळीच्या पिशव्या जातात, आमच्या वाड्यावर त्या वाटायचं काम माझ्याकडे असतं. इतकीच माझी पात्रता.

तर चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. विहिरीकडच्या पायरीवर शेवाळ धरलेलं, माझा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पहिल्या रात्री ठणका लागला होता, झोप नाही, आणि मी अंधारात देवाशी काय बोलत होते माहितीय? "इतकी वर्षं तुझ्या गरिबांच्या दारात तांदूळ पोचवले. त्याचं हे?" चक्क हिशोबाची वही काढली होती मी. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानातला तो परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा ज्यू, आठवा. मंदिरात उभा राहून देवाला सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो. आपण त्याला हसतो. त्या रात्री मी तेच करत होते, फक्त आडवी पडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा डबा आला. खालच्या पुडात उकड्या तांदळाची पेज, वरच्या पुडात भाजलेला सुका बांगडा आणि कैरीचं मिसकूट, म्हणजे लोणचं. आणणारी बाई कोण, तर जिच्या दारात मी दर महिन्याला पिशवी ठेवते ती. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "अगं कशाला त्रास घेतलास! आमच्याकडे आहे सगळं."

आता मला सांगा, यात वाईट काय? आपण मराठी माणसं दिवसातून चारदा असं म्हणतो. पण तिचा हात डब्यासकट वीतभर मागे गेला. मी बघितला. मग तिने डबा बलकांवमधल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर (बसायच्या बाकावर) ठेवला, म्हणाली, "घे गो बाये, हून आसा," म्हणजे गरम आहे, आणि गेली.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पिशवी देताना हात बरोबर पुढे येतो तुझा. आज घ्यायचा होता. मोडलाय पाय ना? का हातही मोडला?"

[थोडं थांबायचं]

मला हे लागलं. पण तिथून पुढे मी जे बघायला लागले ते आज तुम्हाला दाखवायचंय. नम्रता म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे येतं मान खाली, हात जोडलेले, "मी कसला, माझं काय". माझ्या मते या झाल्या रीतीभाती. वाईट नाहीत, पण रीतीभातीच. खरी परीक्षा देताना होत नाही. देणारा कितीही वाकला तरी त्याचा हात वरच असतो. परीक्षा होते ती घेताना. आणि कॅथलिक माणसाचा सगळा आठवडा बघितलात तर तो घेण्याच्या सरावाने भरलेला आहे. आपलं तिकडे लक्षच जात नाही.

मिस्साच घ्या, म्हणजे चर्चमधली आपली उपासना. ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकरीचा प्रसाद, स्वीकारायच्या आधी आपण काय म्हणतो? तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, तू फक्त शब्द बोल. हे बोल कफर्णहूममधल्या रोमन शतपतीचे. हाताखाली शंभर शिपाई असलेला, जिंकलेल्या देशात राहणारा अधिकारी, आणि तो एका ज्यू माणसाकडे काहीतरी मागतोय. आपण ते वाक्य बसच्या तिकिटासारखं पटकन काढून देतो आणि रांगेत लागतो. रांगेत पुढे गेल्यावर मात्र बघा, प्रसाद कुणीही स्वतः उचलून घेत नाही. तळहातावर घ्या नाहीतर जिभेवर, कुणीतरी द्यावा लागतो. मोठा बिल्डर असो की त्याच्या साईटवरचा मजूर.

पवित्र गुरुवारचं तर विचारूच नका. ईस्टरच्या आधीचा हा गुरुवार, पाय धुण्याचा विधी: येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुतात. सगळे फादरकडे बघतात, किती नम्र, गुडघ्यावर बसले. मला विचाराल तर त्या बारा जणांकडे बघा! एका वर्षी त्यात माझा नवरा होता. दुपारपासून वजरी घेऊन बाथरूममध्ये टाचा घासत बसला होता. नखं कापली, पावडर लावली. मी म्हटलं, अहो, धुवायला फादर आहेत ना? म्हणाला, "असेच पाय कसे पुढे करायचे?" झालं, हेच ते! मळलेला पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही आपल्याला. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही हेच होतं. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला केवढं नम्र वाटतं. आणि येशू त्यालाच दटावतो, धुवू दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. जाता जाता सांगते, या बारा जणांत बायकांनाही घेता येईल असा बदल रोमहून २०१६च्या जानेवारीत झाला. त्याआधी नियमात फक्त पुरुषच होते.

आता आपल्या गोव्याच्या माणसाकडे येऊ. संत जुझे वाझ. जन्म बाणावलीत, २१ एप्रिल १६५१, घर सांकवाळचं. त्यांच्याबद्दल प्रवचनात हमखास ऐकू येतं ते म्हणजे ते अनवाणी चालायचे आणि श्रीलंकेत मिशनरी म्हणून गेले. पण कसे गेले ते नीट बघा. जाफना १६५८पासून डचांच्या ताब्यात. कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. तीसेक वर्षं तिथल्या लोकांनी पाद्री बघितलेला नाही. १६८७ साली फादर वाझ तिथे पोचले ते मजुराच्या वेशात, आजारी, हगवणीने खंगलेले. मग बरं वाटल्यावर काय केलं? गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला लागले. कुणाच्या डोळ्यांत ती माळ बघून ओळख उमटते ते बघत बघत.

मी हे शाळेपासून ऐकतेय, पण डब्याच्या प्रकरणानंतर मला त्यातला भीक मागण्याचा भाग दिसला. ब्राह्मण घरातला शिकलेला माणूस, पोर्तुगीज आणि लॅटिन येणारा. द्यायला त्यांच्याकडे सगळे संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, होते. पण दार उघडून घेतलं ते "तुम्हाला द्यायला आलोय" म्हणून नाही, "मला वाढा" म्हणून. पुढे कँडीत त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकलं, १६९७मध्ये देवीची साथ आली तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं अशांची त्यांनी सेवा केली, १६ जानेवारी १७११ला तिथेच देह ठेवला. हे सगळं मोठं आहेच. माझं मन अडकतं ते पहिल्या दारापाशी.

त्यांना संतपद दिलं पोप फ्रान्सिस यांनी, कोलंबोत, १४ जानेवारी २०१५ला. आणि हेच पोप १३ मार्च २०१३च्या रात्री, निवड झाल्या झाल्या, सज्जात आले तेव्हा खाली लोक आशीर्वादासाठी ताटकळत होते. तर ते म्हणाले, आधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि मान खाली घालून गप्प उभे राहिले. आधी घेतलं, मग दिलं. पोप फ्रान्सिस वारले २०२५ साली, तारीख २१ एप्रिल. फादर वाझ यांच्या जन्माची तारीख! योगायोगच, मी त्यातून काही अर्थ काढत नाही, पण वाड्यावर दोन दिवस चर्चा होती.

घरात या. संध्याकाळी आंजेलुसची, म्हणजे चर्चमधली प्रार्थनेची, घंटा झाली की तेर्स, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. हा शब्द पोर्तुगीज तेर्सू, तिसरा भाग. पूर्ण रोजरी, म्हणजे जपमाळ, १५० 'नमो मरिया'ची (येशूच्या आईला, मरियेला, केलेली प्रार्थना), त्यातला तिसरा हिस्सा ५०. २००२मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं (जप करताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) वाढवली, म्हणजे आता हिशोबाने तो चौथा भाग झाला, पण नाव बदलायला कुणी तयार नाही. तर त्या ५० वेळांत आपण मरियेला ५० वेळा काय म्हणतो? आम्हां पाप्यांसाठी विनंती कर. आम्ही फार चांगलं करतोय असं एकदाही नाही. आणि तेर्स संपला की मुलं घरातल्या मोठ्यांसमोर उभी राहतात, बेसांव मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद, तोही पोर्तुगीजच शब्द. माझ्या मुलीचं दुपारी आजीशी कडाक्याचं वाजलेलं असतं, आणि सात वाजता तिच्याच पुढ्यात जाऊन बेसांव मागायचं. गाल फुगलेले असतात, डोळे भिंतीकडे. आजीही काही मऊ झालेली नसते. पण हात डोक्यावर पडतो. श्रद्धा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे दाखवीन. मनात आलं म्हणून नव्हे, सात वाजले म्हणून.

इथे दोन कडू गोष्टी बोलायलाच हव्यात.

पहिली. गोव्यात बसून चर्चच्या नम्रतेवर गोडगोड बोलणं सोपं नाही. इथे १५६०पासून १८१२पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. देवळं पाडली गेली, लोकांना गाव सोडून जावं लागलं. माझे हिंदू शेजारी ज्या देवांना जातात त्यातले काही त्या काळात नदीपलीकडे नेलेले आहेत. १२ मार्च २०००ला रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांकडून झालेल्या पापांबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. सत्यासाठी म्हणून केलेली जबरदस्तीही त्यात होती. क्षमा मागणं म्हणजेही हात पुढे करणंच, आणि समोरच्याने काय द्यावं ते त्याच्यावर सोडणं.

दुसरी. नम्रता हा शब्द बायकांना आणि कामवाल्यांना गप्प बसवायला फार वापरला जातो. नवरा हात उगारतो, सहन कर. पगार थकलाय, नम्र राहा. नाही हो! येशूला मुख्य याजकाच्या शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तोही म्हणाला, चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारतोस का? घरात मार खात असाल तर पोलिसांकडे जा, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा. मी बोलतेय ते मदत घेण्याबद्दल. मार घेण्याबद्दल नाही.

बरं, डब्याकडे.

तुम्हाला माहीतच आहे, शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत. साखर तरी घाला, दोन केळी ठेवा. मी पहिल्या दिवशी पेज खाल्ली आणि लगेच नवऱ्याला म्हटलं, बेकरीतून काहीतरी चांगलं आणा, भरून देऊ. सासूबाई म्हणाल्या, "घाई कसली? फेडून मोकळं व्हायचंय?"

खरं होतं ते. फेडून मोकळंच व्हायचं होतं. माझ्या पिशवीचं तिने कधी फेडलं नव्हतं. तिला दर महिन्याला जे जमत होतं ते मला एक दिवस जमत नव्हतं. ती दाराशी यायची, पिशवी घ्यायची, हसायची, पावसाबद्दल दोन शब्द बोलायची. मला वाटायचं मी तिला काहीतरी शिकवतेय.

डबा तसाच राहिला. मग आमच्या घरी सायबीण यायची पाळी आली. वसईच्या मंडळींसाठी सांगते, सायबीण म्हणजे मरियेची मूर्ती. वाड्यावर एका घरातून दुसऱ्या घरात जाते, एक रात्र राहते, सगळा वाडा जमतो, तेर्स होतो, गाणी होतात, मग खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे. घर रंगवायचं, नाही तर निदान पडदे तरी धुवायचे अशी आमची रीत. आणि मी प्लास्टरमध्ये. कोपऱ्यात जळमटं, सोप्यावर कपड्यांचा ढीग. मी म्हटलं, आमची पाळी पुढे ढकला.

कुणी ऐकलं नाही. चार बायका आल्या, झाडू त्यांनीच शोधला, चणे त्यांनीच भिजत घातले. माझ्या कपाटातले आतले पडदेसुद्धा कुणीतरी बघितले असणार. मी खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर. सायबीण उंबऱ्यातून आत आली तेव्हा ती धरलेल्या हातांत डबेवालीचेही हात होते. मी उठू शकत नव्हते. तिने मूर्ती माझ्यासमोर वाकवली, मला कपाळ टेकता यावं म्हणून.

चणे खाऊन लोक पांगले तेव्हा मी तिला हाक मारली आणि डबा दिला. धुतलेला, पुसलेला, रिकामा. म्हटलं, "पेज बरी होती गो." तिने झाकण उघडून आत बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्याने हसली.

आज सकाळी तो परत आलाय. म्हणून तर तुम्हाला दाखवता आला.

[झाकण उघडायचं]

सान्नां, आपल्या तांदळाच्या वाफवलेल्या इडल्याच. अजून कोमट आहेत. चला, कॅमेरा बंद करते.