हेल्वेटिकाच्या शेजारी मराठी

(पडद्यावर रोमन छोटा 'ए', खूप मोठा)

हा ए नीट बघा. पोट थेंबासारखं आणि खाली उजवीकडे बारीकशी शेपटी. आता सी बघा, त्याची दोन्ही टोकं फूटपट्टी ठेवून कापल्यासारखी एकदम आडवी. हा हेल्वेटिका नावाचा फॉन्ट. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एरियल फॉन्टमध्ये हीच टोकं तिरकी असतात, आणि हा फरक एकदा डोळ्यात बसला ना की मग रस्त्यावरच्या पाट्यांवरही दिसायला लागतो.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ म्युन्शेनस्टाइनला हास नावाची फाउंड्री, म्हणजे छपाईचे खिळे ओतणारा कारखाना, होती. तिथल्या एदुआर्द होफमान यांनी माक्स मिडिंगर यांच्याकडून हा टाइप करून घेतला. १९५७ साली तो आला तेव्हा नाव होतं नॉये हास ग्रोटेस्क, हेल्वेटिका हे नाव १९६० चं. म्हणजे मुळात हा शिशाच्या खिळ्यांचा टाइप, स्क्रीन तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हती.

म्हणूनच मला तो वेबवर हेडिंगला आवडतो, मोठ्या साइझमध्ये, अक्षरं जवळजवळ घेऊन, तिथे त्याला तोड नाही. पण तोच फोनवर बारीक मजकुराला लावला की सी, ई, एस यांची तोंडं मिटल्यासारखी होतात, आणि कॅपिटल आय कुठला न् स्मॉल एल कुठला हे ओळखूच येत नाही. अशा वेळी खालच्या मजकुराला जॉर्जिया हा फॉन्ट लावून बघा. मॅथ्यू कार्टर यांनी तो मायक्रोसॉफ्टसाठी खास स्क्रीनवर वाचायला केला, अक्षरं मोकळी, सेरिफ म्हणजे रेघांच्या टोकांवरची छोटी पावलं ठसठशीत. हेल्वेटिकाशी त्याचं काहीच जुळत नाही, म्हणूनच जोडी जमते. त्याऐवजी हेल्वेटिकाखाली एरियल लावलात तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही.

(पडद्यावर मराठी पान)

आता आपलं पान. पानाच्या कोडमधल्या फॉन्टच्या यादीत हेल्वेटिका पहिला लिहिला की ब्राउझर एकेक अक्षर घेऊन त्याला विचारतो, हे आहे का तुझ्याकडे? 'क' नाही, मग पुढचा फॉन्ट. पण पूर्णविराम आहे, स्वल्पविराम आहे, दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा आहे, ती सगळी हेल्वेटिकाची येते आणि अक्षरं मशीनमध्ये जे देवनागरी असेल त्याची. विंडोजवर तर बहुतेक वेळा हेल्वेटिकाच नसतो, त्याच्या जागी एरियल दिसतो. एका कामात मी मॅकवर तासन् तास बसून जोडी जमवली होती आणि ऑफिसातल्या विंडोजवर उघडल्यावर पान ओळखूच येईना, तेव्हा हे नीट कळलं.

म्हणून मराठी मजकुराला मराठी फॉन्ट पहिला, आणि तो मशीनवर न सोडता आपण निवडलेला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट घ्या, फुकट आहे आणि त्यात सात वजनं, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाड्या, आहेत. हेल्वेटिका बोल्डशेजारी ठेवताना नुसता वजनाचा आकडा जुळवू नका, 'का' मधल्या कान्याची जाडी आणि स्मॉल एलची जाडी शेजारी ठेवून डोळ्यांनी बघा, एक वजन वर-खाली करावं लागलं तर करा.

ओळींमध्ये जागाही जास्त द्या. इंग्रजीला ओळीची उंची अक्षराच्या साइझच्या १.२ पट ठेवली तरी भागतं, पण आपल्याकडे वरच्या ओळीतल्या 'लट्टू'चा उकार खालच्या 'शर्तींनी'च्या रफारावर जाऊन आदळतो. मी १.६ च्या खाली जात नाही.

आणि एक गोष्ट जी खूप साइट्सवर राहूनच जाते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगायचं, लँग म्हणजे भाषा, त्यापुढे एमआर म्हणजे मराठी. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण भरलेलं असतं तिथे एवढ्यानेच दंडाला टेकलेला हिंदी वळणाचा ल जातो आणि शाळेच्या फळ्यावर गिरवलेला, मधल्या देठाला दोन पाकळ्या असलेला आपला ल येतो.

(पडद्यावर 'लातूर'. पान रीफ्रेश होतं, ल बदलतो. तीन सेकंद तसंच.)