घरात बिअर नको, ट्रान्समीटर बनवा

नमस्कार मंडळी! एकीकडे द्राक्षाचे मळे आणि वाईनरी, दुसरीकडे सातपूर-अंबडचे कारखाने आणि ओझरचं एचएएल. अशा नाशिकमध्ये हाताला स्वस्थता नसलेली माणसं जागोजागी भेटतात, आणि ती मला दोन प्रश्न हमखास विचारतात. घरी बिअर बनवता येईल का? आणि घरी वायरलेस सेट बनवता येईल का? बहुतेकांचा अंदाज असतो की स्वतःपुरती बिअर चालून जाईल, वायरलेसला मात्र पोलीस दारात येतील. खरी गोष्ट बरोब्बर उलटी आहे.

बिअरचं आधी उरकून घेऊ. कृती अवघड नाही. माल्ट साधारण 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. ‘विकत नाही, घरच्यापुरतीच करतो’ याला सूट नाही. तुमच्याकडे मद्यसेवनाचा परवाना असेल, तरी तो पिण्यापुरता, बनवण्यासाठी नाही. त्यामुळे ती कृती मी इथे करून दाखवणार नाही.

आता वायरलेस. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागात डब्ल्यूपीसी नावाची शाखा आहे. ती हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची, परीक्षा घेते. वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. पेपरात रेडिओची थिअरी आणि नियम असतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक भाषा, लागत नाही, जनरल ग्रेडला लागतं. पास झालात आणि परवाना आला की ‘व्हीयू’नं सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतली तुमची ओळख, तुमच्या नावावर होतं. आणि त्याबरोबर एक हक्क मिळतो, ज्याची किंमत फार थोड्यांना कळते: स्वतःच्या हातानं बनवलेला ट्रान्समीटर हवेत सोडण्याचा हक्क. टॅक्सीवाल्याला नाही, सिक्युरिटी कंपनीला नाही, त्यांना मान्यताप्राप्त तयार सेटच घ्यावा लागतो. हॅमला मात्र सरकार म्हणतं, तू शिकलायस, तू बनव.

आणि आपण काय करतो? कॉलसाइन येतं त्याच आठवड्यात हातात मावणारा तयार वॉकीटॉकी मागवतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. विकत घेऊ नका असं नाही, पण निदान एक वस्तू स्वतः बनवा. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून हॅम स्टेशन चालवत होत्या, आणि अंदमानातले निरोप त्यांच्या स्टेशनवरून मुख्य भूमीवर पोचले. अशा वेळी सेट बंद पडला तर सर्व्हिस सेंटर शोधायचं कुठे? आतलं काय बिघडलंय हे ज्याला दिसतं, तोच तो पुन्हा चालू करतो.

मग पहिली वस्तू कोणती? ही बघा. (वस्तू कॅमेऱ्याजवळ धरून) याला डमी लोड म्हणतात. अँटेनाच्या जागी हा लावायचा, म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती हवेत न जाता उष्णता होऊन इथेच जिरते आणि चाचणी करताना कुणाच्या बोलण्यात व्यत्यय येत नाही. आपल्याला हवेत 50 ओहम. 1 किलोओहमचे, प्रत्येकी 2 वॉटचे 20 रेझिस्टर समांतर जोडले की 1000 भागिले 20, झाले 50. आणि 20 गुणिले 2, म्हणजे 40 वॉट झेपतात. 5 वॉटच्या घरगुती सेटला हे पोटभर झालं.

तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या पीसीबीचे, म्हणजे सर्किट बोर्डाचे, दोन तुकडे घ्या, दोन्हींना 20-20 भोकं पाडा आणि मध्ये रेझिस्टर उभे करा, असे. पाय जितके आखूड तितकं चांगलं. वायरवाउंड रेझिस्टर मात्र नकोत. ते आतून गुंडाळीच असतात, रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला ते निव्वळ रेझिस्टर राहत नाहीत. 1 टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. सोल्डर झाल्यावर मल्टिमीटर लावा. (मीटर दाखवून) 50.1. छान. इथे 52.6 दिसलं तर समजा की एका रेझिस्टरचा सांधा धरलेला नाही, कारण 1000 भागिले 19 तेवढेच येतात. भिंग घ्या आणि 40 सांधे तपासा.

आता याच्या टोकाला एक वन-एन-4148 डायोड आणि 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की वॉटमीटरही तयार. मीटरवर आलेले डीसी व्होल्ट घ्यायचे, त्यात डायोडचे 0.6 मिळवायचे, वर्ग करायचा आणि 100 नं भागायचं. मीटर 21.8 दाखवतोय, अधिक 0.6, झाले 22.4. वर्ग जवळपास 500. म्हणजे 5 वॉट. शाळेतला ओहमचा नियम, बाकी काही नाही!

दुसरी वस्तू अँटेना. 40 मीटर बँडचा, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, डायपोल म्हणजे दोन वायरी, मधोमध कोॲक्स केबल. लांबीचं सूत्र: 143 भागिले मेगाहर्ट्झ. 7.1 साठी सुमारे 20.1 मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला 10 मीटर. घरच्या वायरिंगची वायर चालते, पण प्लॅस्टिकच्या आवरणामुळे लांबी थोडी बदलते, म्हणून आधी लांब ठेवा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येतेय ते सांगणारा आकडा, बघत थोडी थोडी कापा. सोसायटीत पाण्याच्या टाकीवर बांबू उभा करून मध्य तिथे बांधा आणि दोन्ही टोकं गच्चीच्या कोपऱ्यांकडे उतरवा. टोकं हाताला लागणार नाहीत इतकी उंच हवीत, ट्रान्समिट करताना तिथे मोठं व्होल्टेज असतं. आणि आधी चेअरमनसाहेबांना भेटून सांगा. दिसायला ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखीच दिसते, पण न विचारता बांधलीत तर एका संध्याकाळी ती खाली आलेली दिसेल.

‘आपल्याकडे चारी बाजूंनी डोंगर, सिग्नल जाणार कुठून?’ असंही विचारतात. हातातल्या वॉकीटॉकीचा सिग्नल डोंगर अडवतो, खरं आहे. पण 7 मेगाहर्ट्झवर हा ठेंगणा डायपोल बराचसा सिग्नल वर, आभाळाकडे फेकतो. तो आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत येतो आणि ब्रह्मगिरी-अंजनेरीला ओलांडून दिवसाउजेडी पुणे, कोल्हापूर, नागपूर, हैदराबादपर्यंत उतरतो. बुटकी अँटेना इथे फायद्याचीच.

दोन गोष्टी जपा. संक्रांतीच्या दिवसांत मांजा वायरीत अडकतो, येवल्याकडच्यांना तर सांगायलाच नको, तेव्हा रोज एक नजर टाका. आणि मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की कोॲक्स सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट ऐकू आल्यावर हात लावू नका, आधीच काढा.

सेट कोणता बनवायचा? माझं मत पक्कं आहे: बिटएक्स. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी हे डिझाइन इथे सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर उभं केलं आणि सगळ्यांना खुलं दिलं. तोच फिल्टर, तेच ॲम्प्लिफायर ऐकताना एका दिशेनं आणि बोलताना उलट्या दिशेनं वापरले जातात, त्यामुळे भाग कमी लागतात. सुरुवातीच्या आवृत्तीत तर कॉइल गुंडाळायला नळाचा वॉशर वापरलाय! रविवार कारंज्याच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानात मिळेल.

बाकीच्या भागांसाठी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. जाताना यादीत रेझिस्टर 20 नाही, 25 लिहा, आणि काउंटरवरच मल्टिमीटरनं मोजून घ्या.