भिंतीला कान, दाराला फट

नमस्कार मंडळी. आत्ता तुम्ही जिथे बसून मला ऐकताय ना, तिथे अर्धा मिनिट माझा आवाज बारीक करा आणि नुसतं घर ऐका. पंखा, फ्रिज, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, वरच्यांनी खुर्ची ओढली त्याचं कर्रर्र, खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतंय त्याचं ते गाणं. झालं ऐकून? करा परत मोठा. मी आर्किटेक्ट आहे, पंचवीसेक वर्षं घरांचे प्लॅन काढतोय, आणि येणारा माणूस उजेड विचारतो, वारा विचारतो, वास्तू तर विचारतोच विचारतो, पण आवाजाचं कुणी विचारत नाही. त्यासाठी लोक येतात ते राहायला गेल्यावर, तोवर स्लॅब पडलेला असतो आणि पैसेही संपलेले असतात.

आणि आले की सगळे एकच म्हणतात, "आवाजाचा त्रास आहे हो." मग मी विचारतो, खोलीत घुमतं का पलीकडचं ऐकू येतं? कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे वाया. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो म्हणून भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवलेले लोक मी बघितलेत. अहो, पुठ्ठ्याला वजन ते काय, तो कसला आवाज अडवणार! फोमच्या शीटचंही तेच, खोलीतलं घुमणं कमी करेल, पण शेजारच्या मालिकेतल्या सासूबाई काही त्याने थांबायच्या नाहीत.

आधी घुमण्याचं बघू. आपल्या सोसायटीचा हॉल डोळ्यासमोर आणा. खाली व्हिट्रिफाइड टाईल्स, भिंती प्लास्टर करून ऑइल पेंट मारलेल्या, वर नुसता स्लॅब. सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी माइकवर बोलतात आणि मागच्या रांगेला "मेंटेनन्स" एवढंच कळतं. माइकचा आवाज वाढवला की आणखीनच कळत नाही. का? तर आधीचा शब्द अजून हॉलमध्ये फिरतोय तोवर पुढचा येऊन त्याच्यावर पडतो.

ही भानगड पहिल्यांदा नीट मोजली ती अमेरिकेत, हार्वर्डमध्ये. 1895 साली तिथे फॉग म्युझियमचं नवं लेक्चर हॉल झालं होतं आणि त्यात बोललेलं कुणाला काही कळेना, शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाचा फिजिक्सचा तरुण मास्तर, त्याच्या गळ्यात हे काम पडलं. त्याने काय केलं, तर शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि बंद केल्यावर आवाज किती वेळ कानाला लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. गंमत म्हणजे पुढे त्याच्या लक्षात आलं की आपण अंगात काय घातलंय त्यानेही आकडा हलतोय, तर बापड्याने हजारो निरीक्षणं रद्द केली आणि मग दर वेळी तेच कपडे घालून मोजायला लागला. यातून जे गणित निघालं ते आजही आम्ही वापरतो, आणि त्यावरच बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल 1900 साली उघडला, तो आजही नावाजलेला आहे.

गणित सोपं आहे. समजा हॉल 12 मीटर लांब, 8 रुंद, साडेतीन उंच, म्हणजे 336 घनमीटर. त्याला 0.161 ने गुणायचं आणि आवाज पिणारं क्षेत्रफळ जेवढं असेल त्याने भागायचं. आता टाईल, प्लास्टर, काँक्रीट हे सगळे शेकडा दोन-तीन टक्केच आवाज पितात, तेव्हा 332 चौरस मीटर पृष्ठभागात पिणारं क्षेत्र भरतं जेमतेम 10. उत्तर येतं 5.4 सेकंद, म्हणजे शब्द एवढा वेळ घुमत राहणार! भाषणाला पाहिजे एक सेकंदाच्या आसपास. चाळीस माणसं बसली की ती स्वतःच आवाज पितात, दोन सेकंदांच्या आत येतं कसंबसं. पण छताला 40 चौरस मीटर रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, भरलेले भोकाभोकांचे पॅनल लावले की तोच हॉल माणसांसकट एकाच्या खाली जातो. एवढंच काम. पण आम्ही काय करतो, पीओपीचं नक्षीचं फॉल्स सीलिंग करतो, ते एवढं गुळगुळीत की आवाज सगळा परत खाली.

आता दुसरं दुखणं, पलीकडचं ऐकू येणं. इथे चालतं वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप). जुन्या वाड्यातली दोन फूट जाड माती-विटांची भिंत, तिच्या पलीकडे भांडण झालं तरी पत्ता लागायचा नाही. आता फ्लॅटमध्ये चार इंची भिंत, तीही हलक्या ब्लॉकची, आणि वर दोन्ही बाजूचे स्विचबोर्ड समोरासमोर खोदलेले, म्हणजे मध्ये उरलं काय, दोन प्लॅस्टिकचे डबे. डेसिबलचा हिशेब पण जरा विचित्रच असतो बरं का, 80 चा एक मिक्सर आणि 80 चा दुसरा एकदम लावला तर 160 होत नाहीत, 83 होतात. त्यामुळे "दहा डेसिबलच कमी झालं" म्हणून नाक मुरडू नका, कानाला ते निम्मं वाटतं.

आणि फट! फटीसारखा शत्रू नाही. बेडरूमचं दार तीन फूट बाय सात फूट, खाली अर्धा इंच मोकळं. आता ते दार सागवानी घ्या नाहीतर लोखंडी, त्या अर्ध्या इंचातून एवढा आवाज येतो की दार बावीस-तेवीस डेसिबलच्या वर काही अडवूच शकत नाही. पूर्वी प्रत्येक खोलीला उंबरठा असायचा, दार त्याला टेकून बसायचं. लॉबी-बेडरूम एका लेव्हलला पाहिजे म्हणून आपण तो काढला, पायात अडखळतो म्हणून काढला (माझ्या आईसाठी मीही काढला), पण दाराखाली रबराची पट्टी लावायला काय हरकत आहे. रात्री पलीकडे टॉर्च लावून ठेवा आणि इकडचा दिवा घालवा, जिथून उजेड दिसेल तिथून आवाजही येतोच. सरकत्या खिडक्यांचं तसंच, ट्रॅकमध्ये जागा राहतेच, काच कितीही जाड घ्या. बिजागरीची, रबर बीडिंग बसवलेली खिडकी केव्हाही बरी.

वरच्यांच्या खुर्चीचं मात्र वेगळं आहे. पाच इंची स्लॅब बोलणं छान अडवतो, पण ठोका त्याच काँक्रीटमधून थेट भिंतींत उतरतो. तुम्ही खालून फॉल्स सीलिंग करून फार काही हाती लागत नाही, इलाज वरच करायला लागतो. नवीन बांधकामात टाईलखाली रबराचा थर घालून तो कडेला भिंतीवर थोडा वर वळवायचा, म्हणजे टाईल कुठेच भिंतीला टेकायला नको, गवंड्याने एक गोळा मसाला कोपऱ्यात सोडला तरी सगळं मुसळ केरात. जुन्या घरात मग फेल्टचे गोल स्टिकर घेऊन वर जायचं, पोहे खायचे आणि हसत हसत त्यांच्या खुर्च्यांना लावून यायचे.

रस्त्याचा आवाज विचाराल तर 2000 सालच्या नियमांप्रमाणे राहत्या भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. कागदावर. कंपाउंडला चार अशोक लावून काही होत नाही, भिंतही तळमजल्यालाच उपयोगी, कारण तिसऱ्या मजल्याला रस्ता सरळ दिसतो. आणि आपल्याकडच्या उन्हात खिडक्या कायम बंद कोण ठेवणार? म्हणून मी तरी प्लॅनवरच खेळतो, रस्त्याच्या बाजूला जिना, बाथरूम, स्वयंपाकघर, आणि झोपायच्या खोल्या मागे.

हे शहाणपण मला फुकट नाही मिळालं. सुरुवातीच्या एका बंगल्यात वरच्या संडासचा पाइप मी खालच्या बेडरूमच्या उशाशी, भिंतीत लपवून खाली आणला. दिसायला फार सुबक. घरातले आजोबा तिथे झोपायचे, पहाटे साडेचारला वर कुणी फ्लश केला की त्यांच्या डोक्याशी धबधबा. शेवटी भिंत फोडून पाइपला रॉकवूल गुंडाळलं, वर सिमेंट बोर्डाची पेटी केली, खर्च माझ्या खिशातून. पन्नास टक्के फरक पडला असेल. आजोबांनी बाकीचे पन्नास टक्के पलंग फिरवून मिळवले. तो प्लॅन मी अजून ठेवलाय, ऑफिसात नवीन मुलं आली की आधी तोच पुढे टाकतो, म्हणतो शोधा चूक. बहुतेकजण जिन्याकडे बघत बसतात.