दुसरी खोली नसेल तर?

(दृश्य : अंधार. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.)

या कुशीवरून त्या कुशीवर झालं. उशी उलटी करून झाली. घड्याळ तीनदा पाहून झालं. ‘उद्या कसं होणार’ हा घोर लागला, की उरलीसुरली झोपही उडते.

आठवड्यातून निदान तीन रात्री हे असं, आणि तेही तीन महिने चाललं, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर आधी गोळी नको, सीबीटी-आय द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारा हा उपचार. त्यातला एक नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२चा: झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत जा.

वाचायला सोपं. पण एकाच खोलीत पाच जण झोपत असतील तर? दिवा लावला की बाळ उठणार. असा माणूस दोन रात्री प्रयत्न करतो, मग सोडून देतो. कागदावर शेरा पडतो, ‘रुग्ण सूचना पाळत नाही’. मला हा शेरा फार अन्यायाचा वाटतो. खरं तर नियमाला खोली नकोच आहे. आडवं पडून झोपेची मनधरणी करायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मग भिंतीला टेकून बसलं तरी चालतं.

(दृश्य : झोपेची नोंदवही. पेन आकडे लिहितंय.)

दुसरा नियम मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांचा, १९८७चा: अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवायचा. समजा, दहाला आडवं व्हायचं, सहाला उठायचं: आठ तास. झोप मात्र साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळाच्या जेमतेम ६९ टक्के. मग उठायची वेळ सहाचीच ठेवायची आणि अंथरुणात जायचं साडेबाराला. झोपेचं प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांच्या वर गेलं, की पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली सहसा कुणी जात नाही.

इथे मात्र जपून. झोप अचानक तोडली, तर बायपोलर आजारात उन्माद उसळू शकतो, अपस्मारात झटका येऊ शकतो. सुरुवातीचे काही आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला आधीच सावध करायला हवं. वयस्कर माणसाचे तास हळूहळू कमी करतात. अंधारात उठताना तोल गेला तर काय, हेही त्याला विचारावं लागतं. पाळीत काम करणाऱ्याला तर ‘रोज सहाला उठा’ म्हणणंच फोल.

आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याची नोंदवही? सकाळी फोन करून विचारायचं: कधी आडवे झालात, किती वेळा जाग आली?

अशा फेरफारांनी उपचार पातळ होतो का? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३३३ कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना इंटरनेटवरचा नेहमीचा कार्यक्रम दिला, काहींना त्यांच्या जगण्याशी जुळवून घेतलेला. झोपेतली सुधारणा दोन्हींकडे जवळपास सारखीच. पण जुळवून घेतलेला कार्यक्रम ७८ टक्के जणींनी पूर्ण केला, नेहमीचा ६५ टक्के जणींनी.

(दृश्य : तीच अंधारी खोली. कुणीतरी भिंतीला टेकून बसलंय. घड्याळाचं तोंड भिंतीकडे.)